पंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही: पूर्वतयारीपासून ग्रामसभेच्या मंजुरीपर्यंत

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक पंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि त्या समितीने गावकऱ्यांशी विचारविनिमय करून गावाची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील झाडे, प्राणी, पिके आणि त्यांविषयीची लोकांची माहिती यांची वही, तयार करायची असते. गोव्यातील बऱ्याच गावांत अशी वही कपाटात आहे. ती उघडून पाहिली की काम कुठे चुकले हे लगेच कळते. एका गावाच्या वहीत मला घाटमाथ्यावरच्या झाडांची तीन पाने सापडली, पण त्याच गावाला तीन बाजूंनी वेढणाऱ्या खारफुटीचे एकही नाव सापडले नाही. वही दुसऱ्या गावाच्या यादीवरून उतरवून घेतलेली होती. पुढे त्या गावात डोंगरकापणीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा लोकांनी मोठ्या आशेने ती वही मागवली. तिच्यात त्या डोंगराचा उल्लेखच नव्हता.

असे पुन्हा घडू नये म्हणून कामाचा क्रम पुढे दिला आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक समित्या जातींच्या यादीपासून सुरुवात करतात, आणि खरे तर यादी सर्वांत शेवटी तयार व्हायला हवी. आधी जमीन आणि पाणी, मग माणसे, मग ऋतू, आणि त्यानंतर झाडे-प्राणी अशा रीतीने काम पुढे गेले तर यादी जवळजवळ आपोआप भरत जाते. संपूर्ण कामासाठी किमान एक पूर्ण वर्ष धरावे. दोन महिन्यांत वही करून देतो असे कोणी सांगितल्यास त्याला नम्रपणे नकार द्यावा, कारण ज्येष्ठात उगवणारी भाजी आणि माघात येणारा पक्षी दोन महिन्यांत एकत्र दिसणे शक्य नाही.

## टप्पा १: समिती आणि तिचे साथीदार

सुधारित कायद्यानुसार समितीत किमान ७ आणि जास्तीत जास्त ११ सदस्य असतात. ही संख्या भरणे सोपे आहे. योग्य माणसे निवडणे कठीण आहे. पंचसदस्य आणि त्यांचे निकटवर्तीय एवढ्यांचीच समिती झाली, तर ती बैठका घेईल, मात्र शिवारात उतरणार नाही. समितीत किंवा निदान तिच्या साथीदारांत पुढील माणसे हवीत: बी राखून ठेवणारी शेतकरी स्त्री, कुळागर (माड-सुपारीची मिश्र बाग) सांभाळणारा बागायतदार, मानशीवर (बांधातील पाण्याच्या दारावर) किंवा नदीत मासे पकडणारा, गुरे चारणारा धनगर किंवा गवळी, झाडपाल्याची औषधे देणारा, आणि हायस्कुलातील जीवशास्त्राचा शिक्षक. किनारी गावात रापणकार (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे) आणि तिसऱ्या-खुबे वेचणाऱ्या बायका हव्यातच. पुरुषांना मासळीची नावे ठाऊक असतात, पण चिखलातल्या शिंपल्या यंदा किती आत जाऊन मिळतात हे वेचणाऱ्या बाईलाच ठाऊक असते.

लिहिण्याचे काम दोघांकडेच द्यावे. हस्ताक्षर, शब्दांची ठेवण आणि नोंदीची पद्धत एकसारखी राहिली की पुढची दुरुस्ती सोपी जाते.

पडताळणी: समितीच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक वाड्याचे नाव उच्चारावे आणि त्या वाड्यावरचा एक तरी माणूस कामात आहे का हे पाहावे. ज्या वाड्याचे कोणी नाही, त्या वाड्यावर आधी जाऊन यावे.

## टप्पा २: शिवाराचा नकाशा

भूमापन खात्याकडून गावचा सर्व्हे नकाशा मिळवावा, तो मोठ्या कागदावर छापून घ्यावा आणि वाड्यावरच्या जाणत्या माणसांसोबत बसून त्यावर रंगीत पेन्सिलींनी शिवाराचे भाग पाडावेत आणि प्रत्येक भागाचे सर्व्हे क्रमांक लिहावेत. हे काम पंचायत कार्यालयात न करता देवळाच्या सभामंडपात किंवा कोणाच्या तरी बलकांवावर (घराच्या पुढच्या ओसरीवर) करावे. लोक तिथे मोकळे बोलतात, आणि जाता-येता माणसे थांबून चुका दुरुस्त करतात.

गोव्याच्या गावात साधारणपणे पुढील भाग आढळतात: डोंगरमाथ्याचा सडा, उताराचे रान, मोरडीची (उंच जागेवरची) शेती, कुळागर, केर (मधल्या पातळीची) जमीन, खाजन, तळी आणि झरी, नदीचा काठ, किनारा, देवराई, वस्ती. सत्तरीत नदीपात्रातली पुरण शेती स्वतंत्र भाग म्हणून दाखवावी. सरकारी नमुन्यात या शब्दांना जागा नसेल तरी हेच शब्द लिहावेत, आणि शेजारी नमुन्यातला शब्द द्यावा. शेती, लागवडीची व पाळीव जैवविविधता, वन्य जैवविविधता आणि शहरी जैवविविधता असे नमुन्याचे मोठे विभाग आहेत. आपल्या भागांची त्यांत वाटणी नंतर करता येते.

या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक खाजनाच्या बाबतीत होते. खाजनाला 'भातशेती' असे एकच नाव देऊन पुढे जाणे म्हणजे अर्धे गाव वगळणे होय. खाजन ही एक रचना आहे. नदीचे खारे पाणी बांध अडवतो. मानशीची दारे ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात आणि भरती चढू लागली की तिच्याच दाबाने मिटतात. आतल्या पोयीत मासे वाढतात. पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन गेले की सखल शेतात कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पेरतात. म्हणून बांध, मानस, पोय, शेत आणि बांधाबाहेरची खारफुटी अशा पाच वेगळ्या नोंदी कराव्यात. प्रत्येकीत काय जगते, तिची देखभाल कोण करते आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या वर्षी झाली, हे तिथेच लिहावे.

बांध फुटलेला असेल तर तो कोणत्या पावसाळ्यात फुटला हे आवर्जून विचारावे. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की काही वर्षांत तिथे खारफुटी उगवते, आणि कायद्याने संरक्षित असलेली खारफुटी पुन्हा शेत करण्यासाठी तोडता येत नाही. ती जागा मुळात शेत होती की खाडी, हा वाद उद्या उभा राहिल्यास वहीतले वर्ष कामाला येते.

तळ्यांची नोंद वर्षातून दोनदा करावी. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. तिथे पाऊस सरल्यावर लोक पाणी अडवून ठेवतात आणि त्या पाण्यावर खालच्या अंगाला भात पिकवतात. अशा जागेला एकदाच भेट दिली तर ती पाणवठा आहे की पाणथळ रान आहे, हेही नीट कळत नाही.

सड्यावर मे महिन्यात जाऊन 'पडीक खडक' अशी नोंद करणे ही दुसरी नेहमीची चूक. तोच जांभा श्रावण-भाद्रपदात कीटकभक्षी दवबिंदूने, सीतेच्या आसवांनी आणि गेंदांनी भरून जातो. महत्त्वाचे म्हणजे सड्यावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून झिरपून उताराखालच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतो. सड्याच्या नोंदीत त्याच्या पायथ्याचे झरे व विहिरी यांची नावे आणि त्यांना कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते हे लिहिलेले असेल, तर सडा पडीक नसल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

सावधान: मालकी हक्काच्या वादात शिरू नये. कोमुनिदादीची (गावच्या जुन्या सामूहिक संस्थेची), देवस्थानची, कुळाची किंवा खासगी, जी जमीन एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीवर) जशी आहे तशी लिहावी. वही जैवविविधतेची आहे. जमिनीच्या भांडणाचे हत्यार झाली की अर्धे गाव माहिती देणे थांबवते.

## टप्पा ३: ऋतूंचे वेळापत्रक

नकाशा झाला की बारा महिन्यांचा तक्ता भिंतीवर लावावा आणि प्रत्येक भागाला कधी जायचे ते ठरवावे. आमच्याकडे चालणारे वेळापत्रक असे आहे.

जून व जुलैत रानभाज्या, कोंब, बेडूक आणि पेरणीची बियाणी. तायकिळा, कुडूक, तेरें, फागलां यांच्या नोंदी याच काळात होतात, कारण महिनाभराने त्यांची पाने निबर होतात आणि ओळख पटणे कठीण जाते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते. रापणकार आणि ट्रॉलरवरचे खलाशी घरी भेटतात, म्हणून मासळीच्या मुलाखती तेव्हाच उरकाव्यात.

ऑगस्ट-सप्टेंबरात सडा, आळमी (रानअळंबी) आणि माटोळी. वारुळावर उगवणारी आळमी वाळवीच्या घरट्यातील बुरशीपासून वर येते, त्यामुळे वारूळ मोडले की पुढच्या वर्षीची आळमी गेली. नोंद करताना 'वारूळ शाबूत आहे काय' असा रकाना ठेवावा.

माटोळीबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण यादीसाठी तिच्यासारखे साधन दुसरे नाही. चतुर्थीला गणपतीसमोर टांगलेल्या माटोळीत कवंडळे, कांगलां, घागऱ्या, आटकां, आंबाडे, माटुळिंग, सुपारीचे घोस, कुड्याच्या शेंगा अशी कितीतरी फळे-फुले असतात, आणि ती आणणाऱ्याला प्रत्येक वस्तू कुठल्या डोंगरावर, कुठल्या वळणावर मिळते हे पाठ असते. चतुर्थीच्या दिवसांत दहा-पंधरा घरी जाऊन माटोळीतील प्रत्येक वस्तूचे नाव, ती कुठून आणली, पूर्वी कुठून आणत असत आणि यंदा मिळालीच नाही अशी कोणती, एवढे चार प्रश्न विचारावेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की गावातून काय नाहीसे होत चालले आहे याची यादी आपल्या हातात येते. बाजारातून विकत आणलेल्या वस्तूपुढे 'विकत' असे स्पष्ट लिहावे. ती गावची नोंद नव्हे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि बियाणे निवडण्याची पद्धत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत स्थलांतरित पक्षी, खारफुटी, वायंगणाची (पावसाळ्यानंतरची) शेती आणि मिठागरे. फेब्रुवारी ते मे या काळात रानफळे, आंबा-फणसाच्या जाती, भिरंडा (कोकम), पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीची) साठवण. आंब्याची नोंद 'आंबा' अशी एका ओळीत करू नये. मानकुराद, मुसराद, हिलारियो, फेर्नांदिन, तसेच नाव नसलेले घोटाचे आंबे, प्रत्येकाची ओळ वेगळी असावी.

सावधान: सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीच्या चाव्याने होतो आणि कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते मे, त्याचा धोका अधिक असतो. या काळात रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आरोग्य केंद्रातून मिळणारे प्रतिबंधक तेल लावावे, पालापाचोळ्यावर बसू नये, आणि माकड मेलेले दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. खाडीकाठी जाताना भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच पाहावी.

## टप्पा ४: जाणकारांशी बोलणे

या टप्प्याची घाई केली तर सारी वही पोकळ राहते. जाणकाराकडे प्रश्नावली घेऊन जाऊ नये. त्याच्या कामाच्या वेळी, त्याच्या जागी जावे. शेतकऱ्याला मळणीच्या वेळी, मच्छीमाराला जाळे विणताना, बागायतदाराला पाटाचे पाणी फिरवताना गाठावे. हातात वस्तू असली की माणसाला नावे आठवतात.

पहिल्या भेटीत आपण कोण, माहिती कशासाठी हवी आणि ती कोणाला दिसेल हे सांगावे. त्याचे नाव लिहिले तर चालेल काय, फोटो काढला तर चालेल काय, आणि कोणती गोष्ट लिहू नये असे त्याला वाटते, या तीन प्रश्नांची उत्तरे संमतीच्या कागदावर घ्यावीत. लिहिता न येणाऱ्याला कागद मोठ्याने वाचून दाखवावा आणि साक्षीदाराची सही घ्यावी.

एका म्हाताऱ्या बाईकडे आम्ही भाताच्या जाती विचारायला गेलो होतो. 'आता सगळे सुधारित बीच,' असे म्हणून तिने विषय संपवला. उठता उठता माझ्या सहकाऱ्याने सहज विचारले की नव्याच्या (नव्या पिकाच्या सणाच्या) कणसाला कोणते भात लागते. ती आत गेली आणि गवताने आवळून बांधलेली लहानशी मुडी घेऊन आली. तिच्यात कोरगुटाचे बी होते: लांब कुसळांचे दाणे, आत तांबडा तांदूळ. बांधाजवळचा एक लहान कोपरा ती दरवर्षी त्याच बियाने पेरत होती, कारण तिथे खारे पाणी झिरपते आणि दुसरे काही तग धरत नाही. 'कोणत्या जाती पेरता' या प्रश्नाला जे उत्तर मिळाले नाही, ते 'नव्याला काय लागते' या प्रश्नाने मिळाले. तेव्हापासून आम्ही सणावारांपासून, बाळंतिणीच्या आहारापासून आणि गुरांच्या दुखण्यापासून प्रश्नांना सुरुवात करतो.

हे बी जपण्याचे कारण भावनेपुरते नाही. जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी 'गोवा धान' या नावाने जाती दिल्या, त्यांत कोरगुटातून निवड केलेल्या जातीही आहेत. शेतकऱ्यांनी मूळ बी राखलेच नसते तर निवड कशातून करणार? समुद्राचे पाणी वर चढत राहिले तर या गुणाची गरज वाढणारच आहे. वहीत अशा जातीपुढे चार गोष्टी हव्यात: ती कोणत्या जमिनीत येते, किती दिवसांत पिकते, काय सोसते, आणि गावात अजून किती घरे ती पेरतात. चौथा आकडा एकावर आलेला असेल तर नोंद करून थांबू नये. त्याच वर्षी त्या घराच्या संमतीने थोडे बी आणखी दोन-तीन शेतकऱ्यांकडे पोहोचवावे.

नेहमीच्या चुका: गटात बसवून विचारणे आणि सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाचे उत्तर लिहिणे. घरातील पुरुषालाच भाज्यांबद्दल विचारणे. 'हे झाड औषधी आहे ना?' असा उत्तर सुचवणारा प्रश्न करणे. पाहुण्याचे मन राखण्यासाठी माणसे 'हो' म्हणतात.

पडताळणी: एकच माहिती किमान दोन वेगळ्या वाड्यांवरच्या दोघांकडून आली तरच ती पक्की धरावी. एकाकडूनच आली असेल तर 'एका जाणकाराने सांगितले' असे लिहून ठेवावे, खोडू नये.

## टप्पा ५: प्रत्यक्ष जागेवर

जाणकाराला सोबत घेऊन सकाळी लवकर निघावे, एका दिवशी एकच भाग पाहावा. पावसात शाई पसरते, म्हणून शिसपेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही बरी. प्रत्येक नोंदीत तारीख, भागाचे नाव, स्थानिक नाव, सांगणाऱ्याची खूण, कोणता अवयव दिसला (पान, फूल, फळ), उपयोग, आणि पूर्वीपेक्षा जास्त, कमी की तेवढेच, या गोष्टी असाव्यात.

फोटो काढताना नुसते फूल टिपू नये. पानाची वरची व खालची बाजू, पाने फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, साल, फळ, आणि शेजारी मोजपट्टी किंवा नाणे, असे पाच-सहा फोटो लागतात. वनस्पतीचा नमुना तोडायचा असेल तर एखादी लहान फांदी पुरे. प्राणी, पक्षी, अंडी, शिंपल्यांतील जिवंत कालवे यांना हात लावू नये. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात येणाऱ्या भागात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि चोडणच्या पक्षी अभयारण्यालगतच्या गावांनी हे आधीच मिळवून ठेवावे.

कुळागराची नोंद उंचीच्या थरांनुसार करावी: वर माड आणि माडी (सुपारीचे झाड), तिच्यावर चढलेली मिरी, मधे जायफळ व केळी, खाली अननस, हळद, सुरण, आणि पाटाच्या काठची अळवे. शेवटी पाण्याचा उगम लिहावा. उगमावरचे रान गेले की पाट आटतो आणि पाठोपाठ हे सारे थर सुकतात, म्हणून उगमाची जागा ही कुळागराच्याच नोंदीचा भाग आहे.

देवराईत जाण्याआधी गावकार किंवा देवस्थानच्या महाजनांना विचारावे. काही रायांत चपला घालून जात नाहीत, काहींत कौल घेतल्याशिवाय पानही तोडत नाहीत. तिथे फोटोची परवानगी मिळाली नाही तर बाहेरूनच सांगीव माहिती लिहावी. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराच्या राईत रानजायफळांची दलदल टिकून आहे, ती लोकांनी पाळलेल्या या नियमांमुळेच. वहीत झाडांइतकेच हे नियमही नोंदवावेत.

पहिल्या पावसात बाहेर पडणाऱ्या मोठ्या बेडकांची नोंद रात्री आवाजावरून करावी. त्यांना पकडणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि भाताचे किडे खाणारा हा प्राणी कमी झाला की त्याचा भार शेतकऱ्याच्या फवारणीच्या खर्चावर पडतो. कोणत्या मळ्यात आवाज येणे बंद झाले, हे ज्याचे शेत त्याला विचारावे.

## टप्पा ६: नावे पक्की करणे

स्थानिक नाव आधी, शास्त्रीय नाव सर्वांत शेवटी. मोबाईलमधील ओळख सांगणारे ॲप ही केवळ सूचना समजावी. एकाच वनस्पतीला वाड्यागणिक नावे बदलतात. भिरंड, रतांबा आणि कोकम यांच्या तीन नोंदी झालेल्या मी पाहिल्या आहेत. याच्या उलट चूक अधिक धोक्याची आहे: एका नावाखाली दोन झाडे.

कुड्याचे उदाहरण घ्या. पांढऱ्या कुड्याची साल जुलाबावर देतात. काळा कुडा दिसायला जवळचा, पण झाड वेगळे. दोघांच्याही शेंगा जोडीने लोंबतात. काळ्या कुड्याच्या शेंगांच्या जोडीची टोके एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या दोन्ही शेंगा टोकाशी सुट्या असतात. शिवाय काळ्या कुड्याची पाने वाळताना काळसर-निळी पडतात. वहीत नुसते 'कुडा, औषधी' असे लिहिले तर वाचणारा उद्या चुकीची साल उकळेल. म्हणून सारखी दिसणारी जोडी आढळली की दोन्ही नोंदींत फरकाची खूण लिहावी. तायकिळा आणि रानतायकिळा यांतही असेच: तायकिळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, रानतायकिळ्याला त्याहून अधिक, आणि चुरगळल्यावर त्याला उग्र दर्प येतो.

ज्या नावांबद्दल शंका उरते ती फोटो आणि वाळवलेल्या नमुन्यांसह गोवा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राच्या किंवा जवळच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांना दाखवावीत. तरीही न ओळखलेल्या वनस्पतीपुढे 'ओळख बाकी' असे लिहावे. अंदाजाने भरलेल्या दहा नावांपेक्षा रिकामे ठेवलेले एक घर वहीची पत अधिक राखते.

रानमोडी, टणटणी, जलपर्णी अशा बाहेरून येऊन पसरलेल्या वनस्पतींसाठी वेगळे पान ठेवावे आणि त्या कोणत्या भागात, साधारण कधीपासून आहेत हे लिहावे. त्यांना 'हिरवळ' म्हणून मोजू नये.

## टप्पा ७: काय उघडे, काय झाकलेले

वही दोन भागांत बांधावी. पहिला भाग सर्वांसाठी. दुसरा भाग बंद पाकिटात, समितीच्या ताब्यात. कासवांची अंडी घालण्याची नेमकी जागा, घुबड-गरुडांची घरटी, दुर्मीळ कंद व ऑर्किड यांचे ठिकाण, आणि वैद्यांच्या औषधांची कृती व प्रमाण हे दुसऱ्या भागात जाते. 'गालजीबाग किनाऱ्यावर कासवे येतात' हे सर्वांना ठाऊक आहे, ते पहिल्या भागात लिहावे; कुठल्या वाळूत, कुठल्या रात्री, हे लिहू नये. फोनमधील फोटोंना जागेची खूण आपोआप चिकटते, म्हणून फोटो कोणाला पाठवण्याआधी ती काढून टाकावी.

वैद्याने वनस्पतीचे नाव दिले पण कृती दिली नाही तर आग्रह धरू नये. त्याची इच्छा हीच मर्यादा.

पडताळणी: पहिला भाग एखाद्या परक्या माणसाने वाचला असे समजून पाहावे. तो वाचून रानातून काही उचलून आणता येईल अशी ओळ सापडली, तर ती दुसऱ्या भागात हलवावी.

## टप्पा ८: वाचन आणि ग्रामसभा

मसुदा आधी प्रत्येक वाड्यावर मोठ्याने वाचावा. त्याला एक संध्याकाळ पुरते, आणि चुकांचा सर्वांत मोठा वाटा इथेच निघतो. झऱ्याचे नाव चुकले, शेवटची दोन घरे राहिली, अमक्या तळ्यातील काळुंदर मासे नाहीसे झाले ते औषध टाकल्यामुळे, अशा गोष्टी लोक वाचन ऐकतानाच सांगतात. दुरुस्त्या लाल शाईने त्याच कागदावर, सांगणाऱ्याच्या खुणेसह घ्याव्यात. त्यानंतर ग्रामसभेपुढे ठेवून ठराव घ्यावा, ठरावाचा क्रमांक व तारीख पहिल्या पानावर लिहावी, आणि प्रत गोवा राज्य जैवविविधता मंडळाला पाठवावी. एक प्रत शाळेत, एक पंचायतीत.

ग्रामसभेत विषयपत्रिकेच्या शेवटी हा विषय येऊ देऊ नये. तोवर माणसे उठून गेलेली असतात.

## टप्पा ९: वही वापरात ठेवणे

गावातून झाडपाला, साली, भिरंडांच्या सोली, मध किंवा शिंपल्या व्यापारासाठी कोण उचलतो याची वेगळी खातेवही समितीने ठेवावी: तारीख, माल, अंदाजे वजन, कोणी नेला. व्यापारी उद्देशाने जैविक संसाधने गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकार समितीला कायद्याने आहे, आणि ती रक्कम स्थानिक जैवविविधता निधीत जमा होते. गावकऱ्यांच्या घरच्या वापराला आणि स्थानिक वैद्यांना यात ओढू नये.

भूरूपांतर, खाण, रस्ता किंवा मोठे बांधकाम यांचा प्रस्ताव पंचायतीकडे आला की सचिवाने त्या सर्व्हे क्रमांकाचे वहीतील पान काढून फाइलीला जोडावे, असा ठराव एकदाच करून ठेवावा. यासाठी प्रत्येक नोंदीपुढे सर्व्हे क्रमांक असणे आवश्यक आहे. तो टप्पा २ मध्येच घातलेला असेल तर हे काम पाच मिनिटांचे आहे. राहिला असेल तर नकाशा घेऊन पुन्हा बसावे लागते.

दरवर्षी चतुर्थी उलटल्यावर समितीने बसून माटोळीचे पान नव्याने लिहावे, जुन्या पानाशी ताडून पाहावे आणि यंदा न मिळालेल्या वस्तूंपुढे वर्ष टाकावे. जुने पान फाडू नये. सलग दोन वर्षे जी वस्तू मिळाली नाही, तिच्या शेवटच्या ठिकाणी ऑक्टोबर संपण्याआधी जाऊन यावे, आणि रोप किंवा बी सापडल्यास ते कोणाच्या कुळागरात लावले त्या घराचे नाव त्याच ओळीत लिहावे.